विंडोजचं ऑटो अपडेट बंद करताय? मग आधी या चुका टाळा

महिन्यातला दुसरा मंगळवार गेला की बुधवारी सकाळी माझा फोन वाजायला लागतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याचं मोठं सिक्युरिटी अपडेट अमेरिकेतल्या मंगळवारी सकाळी १० ला सोडतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा. आपण तोवर अंथरुणात असतो, आणि सकाळी कॉम्प्युटर चालू केला की ते गोल गोल फिरणं सुरू. मग मामा, आत्या, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचं एकच, "अरे ते अपडेट कायमचं बंद करून टाक ना बाबा."

पूर्वी मी लगेच करूनही द्यायचो. आता आधी विचारतो की नक्की झालं काय. विचारलं की कळतं, कुणाचा हॉटस्पॉटवरचा दिवसाचा डेटा दहा मिनिटांत उडालाय, कुणाचं अर्धवट टाइप केलेलं पत्र रीस्टार्टमध्ये गेलंय, तर कुणाचा प्रिंटर मागच्या अपडेटपासून बोंबललाय. म्हणजे अपडेट नकोय असं कुणाचंच नसतं हो, ते भलत्या वेळी नकोय. आणि आपण काय करतो, सरसकट त्याचा गळाच दाबतो. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

सर्व्हिस डिसेबल करणं, ही सगळ्यात कॉमन चूक

व्हिडिओत दाखवतात तसं सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजच्या आत गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामची, लिस्ट उघडायची, त्यात विंडोज अपडेट शोधायचं, डिसेबल्ड करायचं, ओके. दोन मिनिटांचं काम, त्यामुळे सगळे हेच करतात. आणि मग चार दिवसांनी अपडेट आपोआप परत चालू झालेलं दिसतं आणि माणूस म्हणतो व्हायरस आला वाटतं. व्हायरस वगैरे काही नाही. विंडोज १० पासून आत विंडोज अपडेट मेडिक नावाची अजून एक सर्व्हिस बसवलेली आहे, तिचं कामच हे की अपडेटचं काही बिघडलं, किंवा कुणी बिघडवलं, तर ते परत जाग्यावर आणायचं. तिला बंद करायला गेलात तर ॲक्सेस डिनाइड. मग आपल्याला चेव येतो, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, घुसतो, कुठून तरी एखादं टूल उतरवतो, आणि इथून खरी गोची सुरू होते.

कारण त्या एका सर्व्हिसवर बाकीच्याही गोष्टी टांगलेल्या असतात. स्टोअरमधून ॲप उतरत नाही. डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या, रोजच्या व्हायरस डेफिनिशन्स (नवे व्हायरस ओळखायच्या याद्या) साधारण त्याच वाटेने येतात, त्या अडतात. आत्याच्या लॅपटॉपवर हा उद्योग मीच करून ठेवला होता आणि विसरून गेलो होतो. काही महिन्यांनी तिला स्टोअरमधून काहीतरी घ्यायचं होतं, ते होईना, मी इंटरनेट तपासलं, वायफाय तपासलं, तिचं अकाउंट लॉगआउट लॉगइन केलं, अख्खी संध्याकाळ गेली, आत्याचा दोनदा चहा झाला, आणि शेवटी एरर कोड नीट वाचला तर त्यात ८००७०४२२. याचा अर्थच मुळी "सर्व्हिस डिसेबल केलेली आहे" असा होतो. आत्याला अजून सांगितलेलं नाही की ते कुणी केलं होतं.

तुमच्याकडे हा कोड आला तर आधी आठवा की कधीतरी कुणी 'अपडेट बंद करून दिलं' होतं का. विंडोज अपडेट सर्व्हिसला परत मॅन्युअल करा, स्टार्ट करा, मशीन रीस्टार्ट करा. मुळात ती मॅन्युअलच असते, ऑटोमॅटिक करायची गरज नाही. टूल वापरलं असेल तर त्याच टूलमधून आधी उलटं करा आणि मग ते टूल काढा, नाहीतर टूल गेलं तरी त्याच्या सेटिंग्ज आत राहतात.

होम एडिशनवर ग्रुप पॉलिसी शोधत बसणं

बऱ्याच जागी सांगतात की ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजने कसं वागायचं याचे नियम लावायचं टूल, उघडा. घरच्या बहुतेक लॅपटॉपवर होम एडिशन असते आणि त्यात तो एडिटर नसतोच. मग लोक कुठल्यातरी साइटवरून 'होमवर ग्रुप पॉलिसी आणणारी' फाइल उतरवून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतात. अनोळखी माणसाची फाइल, ॲडमिनच्या हक्काने, सिक्युरिटी अपडेट बंद करण्यासाठी... जरा मोठ्याने म्हणून बघा हे वाक्य. आधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथे एडिशन बघा. प्रो असेल तर मात्र हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स या पॉलिसीत २ नंबरचा पर्याय घ्या, म्हणजे उतरवायच्या आधी ते तुम्हाला विचारतं. पॉलिसी अख्खी डिसेबल करू नका, विचारायला लावा एवढंच.

डेटाचं दुखणं असेल तर

हॉटस्पॉटवाल्यांनी एकच करायचं, त्या कनेक्शनला मीटर्ड करायचं, म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो असं विंडोजला सांगायचं. वायफायच्या सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडल्या की मीटर्ड कनेक्शनचं बटण दिसतं, ते ऑन. मग विंडोज मोठी अपडेट्स आपणहून ओढत नाही, फारच गरजेचं काही असेल तर थोडंफार येऊ शकतं. इथे दोन चुका होतात. पहिली, हे सेटिंग प्रत्येक नेटवर्कचं वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या मोबाईलला मीटर्ड केलं आणि संध्याकाळी दादाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेतला की दादाचा डेटा गेला आणि बोलणी तुम्हाला. दुसरी, अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मीटर्ड कनेक्शनवरही डाउनलोड करा' असं एक वेगळं बटण आहे, ते कुणीतरी ऑन करून ठेवलं असेल तर वरचं सगळं फुकट. तिथेच डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन पण बघून घ्या. ते इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरसाठी चालू असेल तर तुमच्याकडे उतरलेल्या अपडेटचे तुकडे तुमच्याच नेटवरून परक्या लोकांना जात असतात. समाजसेवा चांगली, पण अनलिमिटेड प्लॅन असेल तर.

रीस्टार्टचं दुखणं असेल तर

ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे तुमच्या कामाची वेळ, लावा. हे आपोआप ठरवायला सोडून देणं ही चूक, कारण रात्री काम करणाऱ्याचा अंदाज त्याला कधी कधी येत नाही. हाताने लावा, जास्तीत जास्त १८ तासांचं लावता येतं, म्हणजे सकाळी ८ ते रात्री २ असं लावलं तरी चालतं, त्या वेळात अपडेटपायी ते स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. रीस्टार्टची सूचना देणारं बटण ऑन, 'लवकरात लवकर रीस्टार्ट करा' असं जे आहे ते ऑफ. विंडोज ११ मध्ये 'नवीन अपडेट आल्या आल्या मला द्या' असं पण एक बटण आलंय, नाव ऐकून चांगलं वाटतं म्हणून लोक ऑन करतात, ते ऑफच ठेवा. पहिल्या पंगतीला बसायची हौस दुसऱ्यांना करू द्या.

याला कारण आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं होतं आणि त्यात काही लोकांच्या स्वतःच्या फाइल्सच उडाल्या, मायक्रोसॉफ्टला ते थोड्याच दिवसांत मागे घ्यावं लागलं आणि परत यायला १३ नोव्हेंबर उजाडला. म्हणजे लोकांची भीती अगदीच खोटी नाही. पण थांबायचं किती? १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला, ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलं ठप्प झाली, आणि तो ज्या भोकातून घुसला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. दोन महिने लोकांनी ते टाकलंच नव्हतं. म्हणून माझा हिशोब आठ-दहा दिवसांचा, तेवढ्यात अपडेटमध्ये घोळ असेल तर बोंब उठतेच.

आणि हो, जुलै २०२४ मध्ये एअरपोर्टवर निळे स्क्रीन आले, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, तेव्हापासून "बघ, म्हणूनच मी अपडेट बंद ठेवतो" म्हणणारे बरेच भेटले. तो घोळ विंडोज अपडेटचा नव्हताच, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा होता, ते कंपन्या वापरतात, तुमच्या आमच्या घरच्या मशीनवर नसतं.

पॉज करून विसरणं

थांबायला अपडेटच्या पानावरचं पॉज पुरतं. होम एडिशनला ही सोय २०१९ पासून आहे, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. लोक एकदम पाच आठवडे लावतात आणि विसरतात, मग मुदत संपली की साचलेलं सगळं एकदम येतं, आणि तेव्हा परत पॉज करायला गेलं तर आधी अपडेट टाका मग पॉज करा असं सांगतं. हे नेमकं मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी होणार, लिहून घ्या. एक आठवडा पॉज करा आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.

प्रिंटर, साउंड, ग्राफिक्स बिघडलं म्हणून सगळंच बंद

हे बहुतेक वेळा ड्रायव्हरचं, म्हणजे ती वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं, असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर असतं, आधी ते करून बघा. सर्चमध्ये डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज शोधून 'नो' पण करता येतं, ड्रायव्हर आपोआप येणं ते शंभर टक्के अडवत नाही पण फरक पडतो.

चालू अपडेटमध्ये प्लग ओढणं

जुन्या हार्ड डिस्कवाल्या मशीनवर टक्के एका जागी अर्धा तास सुद्धा थांबतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे डेस्कटॉपवर अपडेट टाकायचं तर यूपीएस हवा, आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती ते आठवून मगच, कारण नुसता पीं पीं करणारा यूपीएस घरोघरी आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली.

काहीही उलथापालथ करायच्या आधी अजून एक बघा. नवीन विंडोज ११ मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असू शकते, होम एडिशनवर सुद्धा, आणि मालकाला पत्ताच नसतो. काही बिघडून निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली की घाम फुटतो. ती बहुतेक करून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मशीन चालू असतानाच ती वहीत उतरवून ठेवा. त्या अकाउंटचा पासवर्ड पण.

विंडोज १० वाल्यांचं वेगळंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, आणि काहीजण खूश आहेत की आता अपडेटचा जाच गेला. घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात, त्यासाठी २२एच२ व्हर्जन लागतं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसेही पडत नाहीत. अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक येते. सर्व्हिस डिसेबल करून बसलात तर आधी ती सुरू करावी लागेल.

एखादं अपडेट खरंच बाधलं तर अपडेट हिस्टरीत अनइन्स्टॉल अपडेट्स आहे, तिथून तेवढं एकच काढा. वर्षाचं मोठं अपडेट असेल तर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात, आणि त्या दहा दिवसांत सी ड्राइव्हवर जागा हवी म्हणून डिस्क क्लीनअपमधून जुनं विंडोज पुसलंत तर तो रस्ता बंद. काढल्यावर लगेच, म्हणजे त्याच बैठकीत, पॉज करा. मामाने काढलं, खूश होऊन जेवायला गेला, आणि जेवून येईपर्यंत तेच अपडेट परत बसलं होतं.