पडद्यावरचा अरब लिहिताना या चुका टाळा

कॉलेजच्या मुलांच्या लघुपटांच्या संहिता मी बरीच वर्षं वाचतो आहे. त्याआधी नऊ वर्षं मस्कतला नोकरी केली, त्यामुळे आखातात घडणारी गोष्ट आली की ती हमखास माझ्याकडे येते. मागच्या वर्षी रत्नागिरीकडच्या एका मुलाची संहिता आली. ओमानमध्ये ड्रायव्हर असलेल्या माणसाची गोष्ट. पात्रांच्या यादीत सलीम, सलीमची बायको रझिया, आई, खोलीतला मित्र प्रभाकर. त्याखाली ‘शेख’. त्याखाली ‘अरब १’ आणि ‘अरब २’.

आपल्याकडच्या प्रत्येकाला नाव किंवा नातं होतं, तिकडच्या एकालाही नव्हतं. मुलगा समंजस होता, त्याच्या मनात कुणाबद्दल आकस नव्हता. पण त्याने अरब पाहिला तो सिनेमात, आणि सिनेमात अरब असाच येतो.

लेबनीज वंशाचे अमेरिकन अभ्यासक जॅक शाहीन यांनी हॉलिवूडच्या ९०० हून अधिक चित्रपटांतली अरब पात्रं तपासली. चांगली म्हणता येतील अशी चित्रणं डझनभर निघाली, समतोल म्हणावीत अशी पन्नासच्या आसपास. बाकी सगळीकडे तेच: लुटारू, लंपट शेख, बाँब लावणारा. वाईट अरब दाखवू नका, असं मी कुणालाच सांगत नाही. त्याच्याखेरीज दुसरा अरब कधी दिसतच नाही, तिथून सगळं बिघडतं. संहिता वाचताना हाती लागलेल्या चुका आणि त्या कशा काढायच्या, ते इथे लिहितो.

सगळे एकाच माळेचे मणी समजणं

इराणी अरब नाहीत, ते फारसी बोलतात. तुर्क अरब नाहीत, अफगाणही नाहीत. अरब लीगमध्ये २२ देश आहेत आणि त्यांना जोडणारा मुख्य धागा भाषेचा आहे. जगात सर्वाधिक मुसलमान इंडोनेशियात राहतात. दर पाच मुसलमानांमागे अरब जेमतेम एक. दुसरीकडे इजिप्तचे कॉप्ट, लेबनॉनचे मॅरोनाइट हे अरबी बोलणारे ख्रिस्ती. चर्चमध्ये प्रार्थना करताना तेसुद्धा ‘अल्लाह’ म्हणतात, कारण देवाला अरबीत तोच शब्द आहे. त्यामुळे एखाद्याच्या तोंडी ‘अल्लाह’ आला की मागे धडकी भरवणारं संगीत लावायचं, हे अज्ञान आहे.

रॅमी मालेकचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. तो इजिप्तमधून अमेरिकेत गेलेल्या कॉप्टिक कुटुंबातला. ‘ट्वेंटी फोर’ या मालिकेत त्याच्या वाट्याला आत्मघातकी हल्लेखोराची भूमिका आली होती. पुढे २०१९ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं ते फ्रेडी मर्क्युरीच्या भूमिकेसाठी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या आणि पुढे गायक झालेल्या पारशी मुलाच्या भूमिकेसाठी. त्यानंतर बाँडपटातला खलनायक साकारण्याआधी त्याने दिग्दर्शकाला विचारून घेतलं, की हा माणूस धर्मापायी दहशतवादी झालेला नाही ना? तसा असेल तर मी करणार नाही.

या सरमिसळीची किंमत आपल्या लोकांनीही मोजली आहे. १५ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पगडी घातलेल्या एका शीख पेट्रोलपंपचालकाला गोळ्या घालून मारलं. मारणाऱ्याला जुळ्या मनोऱ्यांचा सूड घ्यायचा होता. दाढी आणि डोक्यावरचं कापड म्हणजे अरब, एवढीच त्याची ओळख.

उपाय सोपा आहे. संहितेत ‘अरब’ हा शब्द जिथे जिथे आला असेल, तिथे देशाचं नाव घाला, जमलं तर गावाचं. ओमानचा माणूस डोक्याला नक्षीची टोपी घालतो, तिला कुम्मा म्हणतात. कुवेतचा माणूस डोक्यावर गुत्रा, म्हणजे मोठा रुमाल घेतो आणि त्यावर काळं इगाल, म्हणजे दोरीचं कडं ठेवतो. कैरोतला बँकेचा कारकून पँट-शर्ट घालून बसने कामाला जातो. देश ठरला की कपडे, जेवण, घर, बोलणं आपसूक ठरत जातं.

देशाऐवजी नुसती वाळू दाखवणं

डिस्नेचा १९९२ चा ‘अल्लादीन’ ज्या अग्रबा शहरात घडतो, ते नकाशावर कुठेच नाही. सुरुवातीच्या गाण्यात, चेहरा आवडला नाही तर इथे कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकनांनी विरोध केल्यावर १९९३ मध्ये घरगुती कॅसेट काढताना ती बदलली, पण त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मतचाचणीत अग्रबावर बाँब टाकावेत का, असा प्रश्न मुद्दाम विचारला गेला. रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांपैकी ३० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मुलांच्या सिनेमातलं काल्पनिक शहर!

खरा देश घेतला तरी ही चूक होतेच. ‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’ हा २००० सालचा चित्रपट येमेनची राजधानी सना इथे घडतो, चित्रीकरण मोरोक्कोतलं. अमेरिकी सैनिक जमावावर गोळीबार करतात, बायका-मुलं मरतात. एका पायाची लहान मुलगी दिसते, आपल्याला तिची कणव येते. मग चित्रपट उलगडून सांगतो, की त्या जमावाच्या हाती बंदुका होत्या. त्या मुलीच्या हातीसुद्धा. प्रेक्षकाच्या मनात उरलेली शेवटची दयासुद्धा तिथे काढून घेतली जाते. मी हा चित्रपट पाहिला त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

येमेन आपल्याला इतका परका नाही. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरं आहेत. त्यांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौत भागातून निजामाच्या फौजेत आले. पेशव्यांच्या पदरी अरब शिबंदी होती, आणि १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी झुंजले तेही अरबच. वकील, मालक, हिशेब, खर्च, तारीख, हक्क, कायदा, गरीब, मदत हे आपले रोजचे शब्द मुळात अरबी. मराठी लेखकाने अरब माणसाला परग्रहावरचा म्हणून लिहावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

‘हबीबी’, ‘यल्ला’, ‘खलास’

म्हणजे ‘लाडक्या’, ‘चल’, ‘संपलं’. या तीन शब्दांवर अख्खी पात्रं उभी केलेली मी वाचली आहेत. बाकीचं बोलणं संहितेत ‘(अरबीत ओरडतो)’ असं. पात्र नुसतं ओरडत असेल, तर प्रेक्षकाला ते कधीच माणूस वाटणार नाही.

मालवणी आणि वऱ्हाडी बोलीत जेवढं अंतर, त्याहून किती तरी जास्त अंतर अरबीच्या बोलींमध्ये आहे. ‘कसा आहेस’ हे कैरोत ‘इझ्झयक’, बैरूतमध्ये ‘कीफक’, आखातात ‘शलोनक’ आणि मोरोक्कोत ‘लाबास’. इराकी सैनिकाच्या तोंडी कैरोची बोली घातली, की जाणकार प्रेक्षक तिथेच उठून जातो. शिवाय आपला ड्रायव्हर आणि त्याचा मालक शुद्ध अरबीत बोलतच नाहीत. मोडकी हिंदी, मोडकी अरबी आणि हातवारे यांची खिचडी असते. मस्कतमधले कितीतरी म्हातारे माझ्याशी सहज हिंदीत बोलायचे. ती खिचडी लिहा, ती ऐकायला गोड लागते.

पाट्यांची चूक तर डोळ्यांत खुपते. अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे आणि एकमेकांना जोडून लिहितात. सॉफ्टवेअरला अरबी लिपी कळत नसेल, तर ती सुटी पडतात आणि उलट क्रमाने येतात. आपल्याकडे फ्लेक्सवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, तसंच. दुकानाची पाटी, वर्तमानपत्र, दवाखान्याचा कागद छापण्याआधी अरबी वाचता येणाऱ्या माणसाला फोटो पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे.

न पाठवल्याने काय होतं, ते २०१५ मध्ये ‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेने अनुभवलं. सीरियन निर्वासितांची छावणी दाखवायला बर्लिनजवळ उभारलेल्या सेटवर अरबी भिंतीलेखन हवं होतं. त्यासाठी बोलावलेल्या कलाकारांनी भिंतींवर लिहून ठेवलं, ‘होमलँड वंशद्वेषी आहे’. ते जसंच्या तसं प्रक्षेपित झालं. सेटवरच्या कुणालाच ते वाचता आलं नव्हतं. त्यांच्या लेखी अरबी ही भाषा नव्हतीच, नुसती सजावट होती.

नावांचंही तसंच. ‘अबू’ने सुरू होणारं नाव आलं की आपल्याला अतिरेकी आठवतो. अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई. ‘अबू खालिद’ म्हणजे खालिदचे बाबा. आपल्याकडे बायका नवऱ्याला ‘बंड्याचे बाबा’ म्हणून हाक मारायच्या, त्याच मायेचं आणि मानाचं ते संबोधन आहे.

हे सगळं ११ सप्टेंबरनंतर सुरू झालं, असं मानणं

सिनेमाच्या परीक्षणांत हे वाक्य सर्रास असतं, आणि ते चूक आहे. १९२१ च्या ‘द शेख’ या मूकपटात वाळवंटातला शेख गोऱ्या तरुणीला पळवून नेतो आणि शेवटी कळतं की तो जन्माने अरब नाहीच, युरोपीय आई-बापांचा मुलगा आहे. तेव्हाच तो प्रेमाला पात्र ठरतो. १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल बंद केलं, त्यानंतर पैशाने जग विकत घेणारा शेख आला. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने भ्रष्ट राजकारण्यांना जाळ्यात पकडायला आपली माणसं अरब शेख म्हणून उभी केली. ते उघड झालं त्याच साली, १९८० मध्ये, सिनेटर राहिलेल्या जेम्स अबूरेझ्क यांनी अरब-अमेरिकनांची भेदभावविरोधी संघटना काढली. ‘अल्लादीन’च्या गाण्याविरुद्ध उभी राहिली ती हीच.

आणि तेलाबद्दल एक गोष्ट. अरबांमध्ये सर्वांत मोठी लोकसंख्या इजिप्तची, दहा कोटींच्या वर. त्यांतल्या बहुतेकांचा सोन्याच्या नळांशी काडीचाही संबंध नाही.

तोंडी लावायला एक चांगला अरब

चूक दाखवून दिली, की लेखक लगेच एक सज्जन अरब घालतो. तो नायकाला पाणी देतो, वाट दाखवतो आणि मध्यंतरानंतर मरतो. त्याला स्वतःचं घर, भांडण, हौस काही नसतं. असं पात्र मी काढून टाकायला सांगतो. त्यापेक्षा आहे त्याच खलनायकाला बहीण द्या, कर्ज द्या, गुडघेदुखी द्या. बायकांच्या बाबतीत तर बुरख्यातली मूक बाई नाहीतर नाचणारी बाई, यापलीकडे कुणी जातच नाही. माझ्या मस्कतच्या ऑफिसात हिशेब तपासणारी बाई ओमानी होती आणि तिच्यापुढे आम्ही सगळे टरकून असायचो.

‘पण हे तर खरंच घडलंय!’

ही सर्वांत अवघड जागा. कोकणातून, केरळमधून आखातात गेलेल्यांनी सोसलेले हाल खोटे नाहीत. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर कामगाराचा व्हिसा असतो त्या मालकाने, पासपोर्ट ठेवून घेतलेला, पगार चार-चार महिने थकवलेला, हे मी स्वतः जवळून पाहिलं आहे. रत्नागिरीचा तो मुलगा मला म्हणाला, “काका, बाबांचा अरबाब, म्हणजे मालक, खरंच तसा होता. मग खोटं कशाला लिहू?”

खोटं लिहू नकोस, असंच मी त्याला सांगितलं. पण त्याच्या संहितेत अरबाब वाईट होता तो अरब म्हणून. प्रत्यक्षात त्याच्या हातात सत्ता होती ती त्या व्हिसाच्या व्यवस्थेमुळे. तेव्हा नोकरी बदलायची तर त्याचा कागद लागायचा, घरी यायचं तर त्याच्याकडचा पासपोर्ट. तो कागद पडद्यावर दाखवला, की प्रेक्षकाचा राग योग्य ठिकाणी पोचतो. शिवाय रत्नागिरीत पैसे घेऊन खोटा करार हातात ठेवणारा एजंट त्याच्या गोष्टीत नव्हताच. वडिलांना विचार म्हटलं, तर एजंट त्यांच्याच ओळखीतला निघाला.

‘आडुजीवितम’ हा २०२४ चा मल्याळम चित्रपट इथे पाहण्यासारखा आहे. सौदीच्या वाळवंटात गुलामासारख्या राबवलेल्या मजुराच्या खऱ्या आयुष्यावर तो बेतलेला. छळणारा अरब आहे, आणि शेवटी रस्त्यावर गाडी थांबवून त्याला शहरापर्यंत नेणाराही अरबच आहे. तरी आखाती प्रेक्षकांत त्यावरून वाद झाला. तो वादही वाचावा, त्यातून लिहिणाऱ्याला बरंच कळतं.

आणि अरबांनी स्वतः काढलेले चित्रपट बघा. हैफा अल-मन्सूर या दिग्दर्शिकेचा २०१२ चा ‘वजदा’ सौदीतल्या रियाधमधल्या सायकल हवी असलेल्या मुलीची गोष्ट सांगतो. रस्त्यावरची दृश्यं तिने व्हॅनमध्ये बसून, वॉकीटॉकीवरून दिग्दर्शित केली. तेव्हा त्या देशात सिनेमागृहंच नव्हती, ती उघडली २०१८ मध्ये. जॉर्डनचा ‘थीब’ पाहा, त्यात बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या पोरांनीच बेदुइन पोरांची कामं केली आहेत. इजिप्तच्या युसेफ शाहीन यांचा रेल्वे स्टेशनवरचा १९५८ चा चित्रपट पाहा. त्यातले हमाल आणि थंडपेयं विकणाऱ्या बायका आपल्या दादर स्टेशनवर सहज खपून जातील.

रत्नागिरीच्या मुलाने संहिता तीनदा लिहिली. तिसऱ्या खेपेला ‘शेख’ गेला आणि त्या जागी नासिर आला, ओमानच्या सूर गावचा, डोक्याला कुम्मा घालणारा. ‘अरब १’ त्याचा मेहुणा झाला. ‘अरब २’ काढून टाकला. नवीन प्रसंगात नासिरची आई दवाखान्यात आहे आणि नासिर रात्रभर बाकावर बसून आहे, बाहेर गाडीत सलीम जागा आहे. पहाटे नासिर बाहेर येतो, दोघं एकाच थर्मासातला चहा पितात. सलीम पुन्हा पासपोर्टचं विचारतो. नासिर म्हणतो, “बाद रमदान.” रमजाननंतर.

मुलाने मला विचारलं, नासिरचं काम कोण करेल? मी त्याला नांदेडच्या एका चाऊस कुटुंबातल्या नाटकवेड्या मुलाचा पत्ता दिला.