काट्यावर गाडी लावून चहाला जाऊ नका: बिटकॉइनवर नोंद कशी आणि किती टाकावी

सावदा-रावेर रस्त्यावर आमचा ६० टनी वजनकाटा आहे. केळीची गाडी चढते, वजन होतं, पावती फाटते, गाडी उतरते. हंगामात मागे दहा गाड्यांची रांग असते आणि एखादा ड्रायव्हर गाडी काट्यावरच ठेवून चहा प्यायला जातो. तेव्हा आप्पा जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिटकॉइन या इंटरनेटवरच्या चलनाची ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची कोणालाही बघता येणारी आणि मागून न बदलता येणारी वही, तिच्यात फोटो आणि पीडीएफ कोंबणाऱ्यांबद्दल माझंही मत तेच. काही दिवस मीही तशीच फुकट जागा अडवत होतो.

सुरुवात एका भांडणातून झाली. व्यापारी म्हणाला, "भो, ही नोंद तू मागून बदलली." कॉम्प्युटर आमचा, नोंद आमची, मग आमच्या शब्दाला कोण विचारतो? अमुक तारखेला ही नोंद जशीच्या तशी होती, एवढं आमच्या हाताबाहेर कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. बिटकॉइनची वही त्याला चांगली. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर, लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवसाचा मथळा आहे. म्हणजे पैशाच्या वहीत मजकूर टाकायची खोड जन्मापासूनचीच.

तरी वही मुळात पैशाची. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो आणि त्यात जागा मोजकी. २०१७ च्या सेगविट बदलापासून, म्हणजे व्यवहारांवरच्या सह्या वेगळ्या भागात ठेवायला लागल्यापासून, ब्लॉकची मर्यादा ४० लाख एकक आहे, आणि त्या मापाला चक्क 'वजन' म्हणतात. साध्या बाइटचं वजन ४, सह्यांच्या भागातल्या बाइटचं १. आमच्याकडे कोणी म्हणालं की केळीचं पूर्ण वजन घ्या पण खोक्यांचं पावच धरा, तर आम्ही त्याला काट्यावर चढू देणार नाही. २०२३ मध्ये ऑर्डिनल्सवाल्यांनी, म्हणजे बिटकॉइनवर चित्रं चढवणाऱ्या मंडळींनी, नेमकी ही सवलत पकडून चित्रं आत भरली. सगळी वही आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे आणि ती पूर्ण ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या डिस्कवर ते सगळं बसलं आहे.

तेव्हा पहिलं काम, पावती घरी ठेवा, तिचा अंगठा तेवढा वहीत उठवा. अंगठा म्हणजे एसएचए-२५६ हॅश, फाइलमधून गणिताने निघणारा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. पावती एक असो की अख्ख्या हंगामाची फाइल, हॅश ३२ बाइटचाच. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' आधीपासून असतं, त्यानेही तो निघतो.

स्वतः व्यवहार करून टाकायचा असेल तर ओपी-रिटर्न हा प्रकार वापरा, तो पैशाऐवजी नुसता मजकूर ठेवायचा कप्पा आहे. व्यवहारात आत येणारे पैसे म्हणजे इनपुट, बाहेर जाणारे म्हणजे आउटपुट. एक सेगविट इनपुट, उरलेले पैसे परत घेणारं एक आउटपुट आणि ३२ बाइटची नोंद, असा व्यवहार साधारण १५३ व्हर्च्युअल बाइटचा (वरच्या 'वजना'चा चौथा हिस्सा) होतो. एका इनपुटचा, दोन आउटपुटांचा साधा पैशाचा व्यवहार १४१ चा. इतपत जागा घ्यायला लाज वाटायला नको. नोंदीच्या आउटपुटवर रक्कम शून्य ठेवा, तिथे घातलेला पैसा कायमचा जळतो. आणि खोटे पत्ते बनवून त्यात डेटा लपवायची जुनी युक्ती करूच नका. ती आउटपुटं कधी खर्च होत नाहीत, पण नोडला, म्हणजे वही सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, ते कळत नाही, म्हणून तो ती न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत सांभाळत बसतो.

माझी चूक वेगळीच होती. दर पावतीला एक व्यवहार करत होतो. दिवसाला २०० पावत्या धरल्या तर ३०,६०० व्हर्च्युअल बाइट! त्याऐवजी २०० हॅश जोडी-जोडीने एकत्र करून पुन्हा हॅश काढत जा. आठ पायऱ्यांत एकच हॅश उरतो, याला मर्कल झाड म्हणतात. तो एकच वहीत जातो आणि कुठल्याही पावतीचा पुरावा आठ हॅशांचा, म्हणजे २५६ बाइटचा, आपल्याकडे राहतो. हेही हाताने करायची गरज नाही. पीटर टॉड यांची ओपनटाइमस्टॅम्प्स ही सोय अनेक लोकांचे हॅश एका व्यवहारात बांधते आणि पैसे घेत नाही. आता मी तीच वापरतो.

व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यायला फी द्यावी लागते. तिचा धडा मला २० एप्रिल २०२४ ला मिळाला. त्या दिवशी हाविंग झालं, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्यांना मिळणारी नवी नाणी निम्मी झाली, आणि त्याच ब्लॉकपासून बिटकॉइनवर टोकन काढायची रून्स ही पद्धत सुरू झाली. फी आकाशाला भिडली. माझी नोंद नेहमीच्या दराने लटकली ती लटकलीच. पण माझं काय अडलं होतं? नोंद चार दिवस थांबली तरी चालते, कोणाचे पैसे थांबले तर नाही. म्हणून नोंद नेहमी सर्वात कमी फीने पाठवा आणि 'रिप्लेस-बाय-फी' चालू ठेवा, म्हणजे खरंच घाई झाली तर फी वाढवता येते. नोंदीच्या फीचं वॉलेटही वेगळं आणि छोटं असू द्या.

मूळ फाइल जपणं हा भाग सगळे हलक्यात घेतात. एकदा व्यापारी समोर बसलेला, मी ऐटीत हॅश काढला, जुळेना. आदल्या आठवड्यात मी पावत्यांची ती सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती. एक्सेलने पावती क्रमांक ००४१७ चा ४१७ करून टाकला. वजन तेच, गाडी तीच, हॅश पार वेगळा. तो नुसता हसला. तेव्हापासून मूळ फाइल 'रीड-ओन्ली', दोन पेनड्राइव्हवर, आणि बघायची तर प्रत उघडायची.

शेतकऱ्याचं नाव किंवा फोन वहीत उघडा टाकू नका. तिथून पुसता येत नाही. नुसत्या एका पावतीचा हॅशही धोक्याचा, कारण गाडी नंबर आणि वजनाचे आकडे लावून बघत कोणीही तो ओळखू शकतो. ओपनटाइमस्टॅम्प्स झाडात घालण्याआधी यादृच्छिक, म्हणजे कोणाला अंदाज येणार नाही असा, आकडा मिसळते. स्वतः करत असाल तर तुम्हीही मिसळा आणि तो आकडा फाइलसोबत जपा. आणि काटाच २० किलोने चुकत असेल तर वही तीच चूक इमानाने सांभाळेल. त्याला वैधमापनवाल्यांचा शिक्काच लागतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन कोअरच्या (बहुतेक नोडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ३० व्या आवृत्तीने ओपी-रिटर्नची नेहमीची ८० बाइटची मर्यादा १ लाखावर नेली. त्यावर जोरात भांडणं झाली. दार मोठं झालं म्हणून मी ट्रॅक्टर आत घालत नाही, माझे ३२ बाइट ३२ च राहिले.

रात्री शेवटची गाडी गेली की दिवसाची फाइल बंद करतो आणि स्टॅम्प मारतो. शेजारी '.ओटीएस' ही पुराव्याची फाइल तयार होते. ती लगेच पक्की नसते, ब्लॉकमध्ये जायला काही तास लागतात. सकाळी दूध आलं की 'अपग्रेड' चालवतो, पुरावा पूर्ण झाला का बघतो, आणि पेनड्राइव्ह आप्पांच्या गल्ल्यात, चिल्लरीच्या डब्याखाली.