तत्त्वचर्चेची कबड्डी बॉटकडून खेळवताय? या चुका टाळा

जत्रेत पालखी फिरून दशावतार उभा राहीपर्यंत मध्ये बराच वेळ रिकामा जातो. त्या वेळात हा खेळ छान बसतो. दोन लॅपटॉपवर दोन बॉट, एक चार्वाकाच्या बाजूने (डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं म्हणणारा), दुसरा नैयायिकांच्या (न्यायशास्त्रवाले, खुणेवरून न दिसलेलंही ओळखता येतं म्हणणारे). भिंतीवर प्रोजेक्टरने आखलेलं मैदान, दोन्हीकडे सात-सात गडी, स्पीकरवर वाद. संहिता आधी लिहिलेली, शेवटची चढाई सोडली तर निकालही ठरलेला. ऐकायला सोपं आहे. बसवायला घेतलं की घोटाळे सुरू होतात, आणि ते बहुतेक ठरावीक जागीच होतात.

विषयच मैदानाबाहेर

‘सत्य म्हणजे काय?’ असला विषय घेऊ नका, त्यात कोणी बादच होत नाही. हो किंवा नाही म्हणता येईल असं काहीतरी हवं. ‘डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे असं म्हणता येतं का?’ हा न्यायशास्त्रातला घासून गुळगुळीत झालेला प्रश्न अजून चालतो. आंबोलीच्या घाटात धूर की धुकं हा घोळ कुणाला नवा आहे?

गुण मिळतो, पण जात काहीच नाही

खरी गोम इथे आहे. बॉट टाळीचं वाक्य बोलतो, निवेदक ओरडतो, फलकावर एक गुण चढतो आणि वाद होता तिथेच राहतो. मग कबड्डीच कशाला, नाणेफेक केली तरी चाललं असतं.

उपाय असा: प्रत्येक गडी म्हणजे त्या पक्षाचं एक गृहीतक. नैयायिकांच्या सातांपैकी एक ‘दिसला तो धूरच होता’, दुसरा ‘धूर तिथे आग, हे नेहमीचंच’, तिसरा ‘याच्या उलट कधी दिसलेलं नाही’, असे सात लिहून काढा. चढाई म्हणजे त्यातल्या एकाला नाव घेऊन केलेला स्पर्श. चार्वाक विचारतो, ‘सकाळी सहाला घाटात दिसलं ते धूर कशावरून?’ पहिला गडी बाद. आता नैयायिकांना तो गडी उठेपर्यंत त्या गृहीतकाचा आधार घ्यायचा नाही. जळका वास, राख, काय असेल ते आणा.

पकडही अशीच कमवायची. चार्वाक घाईत म्हणतो, ‘मग आग तिथे धूर, असंही म्हणा की!’ इथे तो फसला. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. हे उत्तर ग्रंथातलंच आहे, आणि आषाढात चूल फुंकलेल्या प्रेक्षकाला ते समजावून सांगावं लागत नाही. मग नैयायिकांची उलट चढाई, उदयनाचार्य या जुन्या नैयायिकाच्या वळणाची: ‘एवढी शंका आहे तर चहासाठी काडी का ओढतोस?’ चार्वाकाचा ‘शंका घेता येते’ हा गडी गेला. श्रीहर्ष या नंतरच्या तत्त्वज्ञाने पुढे उदयनाचेच शब्द फिरवून त्याच्यावर उलटवले. तो डाव उत्तरार्धासाठी राखून ठेवा.

बोनसचा नियम तर आयताच मिळतो. बोनसने गुण मिळतो, पण गडी बाद होत नाही आणि आपला उठतही नाही. नुसती चुरचुरीत कोटी बोनसवर संपवा. लोण चढला तरी सगळे गडी परत मैदानात येतात, हे मला विशेष आवडतं. दर्शनांचंही, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांचंही, तसंच होत आलं आहे.

दोघेही एकमेकांना ‘बरोबर आहे’ म्हणतात

बॉटना जात्याच पटवून घ्यायची खोड. तिसऱ्या चढाईपर्यंत दोघे गळ्यात गळे घालतात. दोघांना एकाच संवादात बसवू नका. वेगळे ठेवा, आणि प्रत्येकाला काय मान्य करायचं नाही याची यादी द्या.

इथेच काही जण म्हणतात, दशावतारी कुठे लिहून बोलतात, बॉटलाही आयत्या वेळी बोलू द्या. नको. दशावतारी नटाला कथा तोंडपाठ असते, आणि समोरचा नट त्याला डोळ्याने थांबवतो. बॉट थांबत नाही. वाक्यं आधी तयार करा, हाताने छाटा, मगच आवाज द्या. ३० सेकंदांच्या चढाईत साठेक शब्दांपेक्षा जास्त कोंबू नका, दम लागतो तो ऐकणाऱ्याला. २०-२० मिनिटांचे दोन डावही नकोत, पाच-पाच पुरेत.

बनावट संस्कृत

बॉट ऐटीत श्लोक म्हणतो आणि तो कुठल्याच ग्रंथात नसतो. छापील पुस्तकात सापडला नाही तर काढून टाका. गावात एखादे शास्त्रीबुवा असतातच, आणि नेमके ते पहिल्या रांगेत बसलेले असतात.

आवाज

‘चमचा’मधला च आणि ‘चंद्र’मधला च यंत्राला वेगळे कळतीलच असं नाही. अडला तर शब्द बदला. मालवणी बोलायला लावलंत तर ‘माका’, ‘तुका’ने सुरू होऊन पुढच्या वाक्यात गोव्याची कोंकणी येते, मालवणी निवेदकाला ठेवा, तो माणूसच असू दे. सगळा आवाज फाइलमध्ये साठवून ठेवा. जत्रेत नेटवर्कवर भिस्त ठेवणारा फसतो, आणि वीज जाईल हे धरूनच बॅटरीचा स्पीकर आणावा.

सरपंचालाही बॉट करणं

सरपंच म्हणजे सामन्याचा मुख्य पंच. त्याची शिट्टी माणसाच्या हातात द्या. न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, वाद हरण्याच्या २२ जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं. सगळ्या लागत नाहीत. विषय सोडून भलतंच बोलणं, तेच तेच बोलणं, उत्तर न सुचणं, एवढ्या तीन कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवा. विषय सोडला की मैदानाबाहेर पाय पडला, गडी बाद.

प्रेक्षक हरकत घेणार, कबड्डी आहे म्हटल्यावर घेणारच. म्हणून शेवटच्या चढाईच्या दोन फाइली करून ठेवा, एकीत स्पर्श, दुसरीत पकड. सरपंचाने हरकत मान्य केली तर दुसरी वाजवा, आणि गुणफलकावर बसलेल्या पोराला हे आधीच सांगून ठेवा.