उपासनेनंतरची वीस मिनिटं: पुरुष संघातल्या भावांसाठी

माझ्या थोरल्या भावाच्या बायबलच्या कव्हरमध्ये बीपीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. पंधरापैकी अकरा गोळ्या तशाच होत्या. त्या दिवशी तो दवाखान्यात होता, उजवी बाजू लुळी पडलेली. ‘प्रार्थना झाली, आता बरं वाटतंय’ म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या आणि वहिनीलाही सांगितलं नव्हतं. मी सगळी नोकरी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात घालवली, पण सख्ख्या भावाला ‘बीपी किती आहे रे?’ असं एकदाही विचारलं नाही.

म्हणून आमच्या अहिल्यानगरच्या मंडळीत आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही बीपी मोजायचं टेबल मांडतो. प्रभुभोजनाचा रविवार असतो, एरवी न येणारे भाऊही येतात. तुमच्याकडेही हे सहज करता येईल.

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. टेबल फाटकाजवळ किंवा चहाच्या रांगेशेजारी लावू नका. संडे स्कूलची खोली बरी. क्वायरमध्ये गाऊन आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला तर आकडा वाढलेलाच दिसणार. आधी लघवीला जाऊन यायला सांगा, मग पाच मिनिटं गप्प बसवा. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, सिगारेट झाली असेल तर थोडं थांबवा. कोट काढायला लावा, पट्टा उघड्या दंडावरच बांधा. मशीन चालू असताना बोलायचं नाही. हे आमच्या भावांना सगळ्यात जड जातं, कारण सगळ्या आठवड्याच्या गप्पा तेव्हाच आठवतात. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

120/80 च्या खाली असेल तर उत्तम. 140/90 किंवा त्याहून जास्त आलं तर घाबरवू नका; त्याच आठवड्यात पुन्हा मोजा आणि तसंच राहिलं तर डॉक्टरकडे न्या. ‘जा’ म्हणू नका, सोबत जा. 180/120 च्या वर असेल आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हात उचलत नसेल, बोलणं अडखळत असेल तर त्याच क्षणी 108 लावा. ही लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरी थांबू नका. लकव्यात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमच्या दादाच्या वेळी आम्ही सकाळ होईपर्यंत थांबलो.

वही एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. कुणाचा आकडा प्रार्थना-विनंतीत जाहीर करू नका. एकदा तसं झालं आणि तो भाऊ तीन महिने टेबलाकडे फिरकला नाही.

आता विश्वासाचं. गोळी घेणं म्हणजे देवावरचा भरवसा कमी, असं मनात धरून बसलेले भाऊ मला दर महिन्याला भेटतात. त्यांना मी बायबलमधला 2 राजे 20 हा अध्याय उघडून देतो. हिज्कीया राजा मरायला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने यशया संदेष्ट्यामार्फत त्याला आणखी 15 वर्षं देऊ केली. त्याच यशयाने लगेच अंजिरांची ढेप आणवून गळवावर लावायला सांगितली. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी लेप लावलाच. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला मिशनचं रुग्णालय उभारलं, तिथेही हात जोडले जात आणि शस्त्रक्रियाही होत. तेव्हा गोळी बंद करायची असेल तर ती ज्याने लिहून दिली त्या डॉक्टरला विचारूनच.

साखरेचंही तसंच. उपाशीपोटी 126 किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून घ्या. 100 ते 125 म्हणजे आत्ताच सावरायची वेळ. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांतला, उपास डॉक्टरला विचारल्याशिवाय धरू नये, साखर एकदम उतरते. चक्कर, घाम, थरथर सुरू झाली तर उपास तिथेच सोडा आणि साखरपाणी घ्या. देव त्याने रागावणार नाही.

घरातलं मीठ मात्र आजच बघा. माणशी दिवसाला जास्तीत जास्त पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. चार माणसांच्या घरात महिन्याला सहाशे ग्रॅम झाले. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, वर पापड-लोणचं आणि रविवारच्या मटणासोबत खारं असेल, तर बीपी कसं उतरणार? बायकोला दोष देऊ नका, भाजीत वरून मीठ घेणारा हात बहुतेक आपलाच असतो.

चालायचं आठवड्यात दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. आम्ही चौघं भुईकोट किल्ल्याच्या बाजूला पहाटे भेटतो. एकजण आला नाही तर त्याच्या दारात जाऊन हाक मारतो. तंबाखू मळणाऱ्या दोघांनी या चालण्यातच ती सोडली, कारण खिशात हात गेला की शेजारचा बघायचा.

पहिल्या रविवारी या. सैल बाहीचा शर्ट घाला, डॉक्टरची जुनी चिठ्ठी आणा आणि सकाळची गोळी नेहमीसारखी घेऊनच या.