जुन्या पिकअपची डिझेल लाइन: पहिली खेप भरण्याआधी गाडीखाली जा

पाऊस उघडला की मका, सोयाबीन, टोमॅटो आणि चाळीत उरलेला कांदा, सगळ्यांच्याच वाहतुकीची एकदम घाई होते. गाडी दहा-बारा वर्षांची डिझेल पिकअप असेल, तर त्याआधी एक दुपार तिच्याखाली घालवा. टाकीपासून फिल्टरपर्यंत येणारी लोखंडी नळी पावसाळ्यात सर्वांत जास्त मार खाते. चिखल आणि शेणखत चॅसिसवरच्या क्लिपांत अडकून ओलेच राहते, वरून खताच्या गोण्यांतला चुरा गळतो. पोटॅशमधला क्लोराइड तर लोखंड पोखरतोच. म्हणून उघडी दिसणारी नळी ठणठणीत असते आणि क्लिपखाली तिचा पापुद्रा झालेला असतो. क्लिपा सोडा, तारेच्या ब्रशने घासा, मग खरे काय ते दिसेल.

नळीला भोक पडले म्हणजे खाली डिझेल टपकणारच, असे नाही. बरेच जण इथेच फसतात. फीड पंप टाकीतून डिझेल ओढत असतो, त्यामुळे बारीक भोकातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. टाकी भरलेली असेल तर गाडी बरी पळते, पाव टाकीवर आली की चढाला दम टाकते. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल चढवायचा छोटा पंप) मारला की तेवढ्यापुरती सुरू होते. अशी लक्षणे असतील तर मुख्य पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोंडे) उतरवण्याच्या खर्चात लगेच पडू नका. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विडी-सिगारेट लांब ठेवा. तोंडाने डिझेल ओढायची सवय मात्र सोडाच. घोट फुफ्फुसात गेला तर जिवावर बेतते.

सडलेला तुकडा चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. हेक्सॉपेक्षा पाइप कटर चांगला, कारण लोखंडाचा कीस नळीत जात नाही. मधल्या जागेत डिझेलसाठीचाच रबरी होज घाला, तो दोन्हीकडे इंचभर तरी चढला पाहिजे आणि क्लिपांनी आवळला पाहिजे. ठिबकची लॅटरल, फवारणी पंपाची नळी, सायकलची ट्यूब हे उद्योग नकोत. डिझेलने त्या फुगतात नाहीतर कडक होतात आणि भर रस्त्यात निसटतात. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून वापरतात, पण हादऱ्याने ती कडक होऊन तडकते, शिवाय तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होते. खरे सांगायचे तर एका जागी भोक पडले असेल तर बाकीची नळीही त्याच वयाची आहे. जोड देत बसण्यापेक्षा सबंध लाइन नवी टाकणे परवडते. सायलेन्सरपासून ती लांब न्या आणि चॅसिसच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) बसवा.

मुख्य पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या जाड पोलादी नळ्यांची गोष्ट वेगळी. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते असे) तिथे हजार बारच्या वर दाब असतो. गळती बोटाने चाचपू नका. दिसणारही नाही अशी धार कातडीत घुसते. घुसलीच तर जखम टाचणीएवढी असली तरी तडक दवाखाना गाठा. या नळीला जोड नसतो, ती बदलायचीच, आणि तेही मेकॅनिककडून.

काम झाले की फिल्टर नवा घाला. त्यावरचा एअर स्क्रू ढिला करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हँड प्रायमर मारा, दाब धरूनच स्क्रू आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये त्याला थंड होऊ द्या. जमिनीवर सांडलेले डिझेल भुशाने टिपून घ्या, विहिरीकडे वाहू देऊ नका. माल भरून पहिली फेरी झाल्यावर होजच्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा, नवे रबर थोडे बसते.