लहान देशांचे आरोग्य मनुष्यबळ: नाशिकमधून या कामाकडे वळणाऱ्यांसाठी

तुवालू हा पॅसिफिक महासागरातला नऊ बेटांचा देश. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, आणि रुग्णालय एकच, फुनाफुटीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दर हजार लोकांमागे ४.४५ डॉक्टर, नर्स आणि मिडवाइफ असा निकष ठेवला. तो इथे लावला तर ४९ माणसे लागतात. आता दुसरा हिशेब करा. एका जागेवर वर्षभर चोवीस तास कोणीतरी हजर हवे, तर ८,७६० तास भरावे लागतात. सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण वजा जाता एक कर्मचारी वर्षाला साधारण १,९२० तास देतो. भागाकार येतो ४.५६. म्हणजे ४९ माणसांत चोवीस तास चालणाऱ्या जेमतेम दहा जागा भरतात, आणि त्यांतच नऊ बेटे, प्रसूती कक्ष, वॉर्ड आणि तातडीचा विभाग सांभाळायचा.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना आमचे पहिले सांगणे हेच: लहान देशात दर हजारी प्रमाणावर विसंबू नका. जागा मोजा, आणि माणसे नावानिशी मोजा.

आपल्याला लोकसंख्येच्या निकषांची सवय असते. सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे पाठ असते. त्यावरून आकृतिबंध, म्हणजे कुठल्या पदावर किती माणसे याचा आराखडा, ठरतो, मंजूर पदे ठरतात, रिक्त पदांचा तक्ता निघतो. पण डोंगराळ सुरगाण्यातले आणि सपाट निफाडमधले केंद्र कागदावर सारखे असले तरी काम सारखे नसते, हे नाशिक जिल्ह्यातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. कामाच्या ओझ्यावरून किती माणसे लागतात हे काढायची पद्धत म्हणूनच आधी शिकावी. जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ (WISN) ही अशी पद्धत १९९८ मध्ये आली, २०१० मध्ये सुधारली गेली. तिची पुस्तिका मोफत मिळते.

एक काल्पनिक केंद्र घेऊ. आठवड्याला सहा दिवस धरून वर्षाचे ३१२ दिवस. त्यातून २४ सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा, १० दिवस आजारपण व प्रशिक्षण वजा. राहिले २४० दिवस, रोज आठ तास, म्हणजे १,९२० तास. आता काम. गरोदर मातेच्या तपासणीला २० मिनिटे धरली तर एक नर्स वर्षात ५,७६० तपासण्या करू शकते. केंद्रात ४,३२० होतात, म्हणजे ०.७५ नर्स. एका प्रसूतीला आठ तास, तर वर्षाला २४०. प्रत्यक्षात ३६० होतात, म्हणजे १.५. लसीकरण दहा मिनिटांचे, क्षमता ११,५२०, होतात ५,७६०, म्हणजे ०.५. बेरीज २.७५. नोंदी, बैठका, साहित्याची मोजदाद यांत प्रत्येकीचा २० टक्के वेळ जातो. इथे बहुतेक जण २.७५ मध्ये वीस टक्के मिळवतात आणि चुकतात. थेट कामाला ८० टक्केच वेळ उरतो, म्हणून भागायचे असते ०.८० ने, म्हणजे १.२५ ने गुणायचे. उत्तर ३.४४. मासिक अहवालासारखे एकीच्याच वाट्याचे काम वर्षाला १९२ तास असेल तर आणखी ०.१. एकूण ३.५४, म्हणजे चार नर्स. हजर तीन असतील तर हजर आणि लागणाऱ्या नर्सचे प्रमाण ०.७५.

पण थांबा. प्रसूती कक्षात रात्रंदिवस एक जण जागी हवी असेल तर ४.५६ चा हिशेब लागतो आणि पाच जणी लागतात. ओझ्याचा आकडा आणि जागेचा आकडा यांत जो मोठा, तो धरायचा. मोठ्या रुग्णालयात ओझे मोठे ठरते. लहान देशाच्या लहान केंद्रात बहुतेकदा जागा.

विस्नमध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो कामाला लागणारा वेळ ठरवताना. नवखा विद्यार्थी घड्याळ घेऊन ओपीडीत बसतो, रुग्णामागे दोन मिनिटे जातात असे पाहतो आणि दोन मिनिटे हाच मापदंड लिहितो. तुडुंब ओपीडीतला वेळ हा टंचाईचाच परिणाम असतो. तो मापदंड धरला की टंचाई कागदावरून नाहीशी होते. मापदंड ठरवायचा तो त्याच संवर्गातल्या, म्हणजे त्याच प्रकारच्या पदावरच्या, चार-पाच अनुभवी नर्सना एकत्र बसवून: उपलब्ध साधनांत, नीट काम करायला किती वेळ लागतो? घड्याळाची नोंद फक्त ताळा पाहायला.

दुसरा दोष पद्धतीतच आहे. जिथे नर्स नाही तिथे बायका येत नाहीत, रजिस्टरमध्ये काम कमी दिसते, आणि हिशेब सांगतो की इथे माणसे लागत नाहीत. दूरच्या बेटांवर हे हमखास घडते. अशा ठिकाणी झालेल्या प्रसूती न घेता त्या भागात अपेक्षित जन्म किती, ते घ्यावे.

आता माणसांची यादी. आरोग्य मंत्रालयाची आस्थापना यादी, वित्त विभागाचे पगारपत्रक आणि वैद्यकीय वा नर्सिंग परिषदेची नोंदणी या तिन्हींचे आकडे कधी जुळत नाहीत. नोंदणीत मृत, निवृत्त आणि परदेशी गेलेले तसेच राहतात. पगारपत्रकात शिक्षण-रजेवरचे हजर दिसतात. तिन्ही याद्या समोरासमोर ठेवून प्रत्येक नावापुढे जन्मवर्ष, संवर्ग, नेमणुकीची जागा आणि प्रत्यक्ष हजर जागा लिहा. पाचशे नावांच्या देशात हे शक्य असते, आणि ते केल्याशिवाय पुढचे कुठलेही मॉडेल चालवू नये.

गळतीचेही तसेच. दोनशे नर्समधून वर्षाला आठ टक्के जात असतील तर सोळा जागा भरायच्या. प्रशिक्षणात वीस टक्के गळतात आणि उत्तीर्णांपैकी दहा टक्के नोकरीत येत नाहीत, तर प्रवेश सोळा भागिले ०.७२, म्हणजे तेवीस द्यायला हवेत, तेही तीन-चार वर्षे आधी. दोनशेंना टक्केवारी लावता येते. भूलतज्ज्ञ तीनच असतील तर लावू नका. एक गेला की तिसरा हिस्सा गेला, आणि नवा घडायला एमबीबीएसपासून आठ-नऊ वर्षे लागतात. तिथे प्रत्येकाचे निवृत्तीचे वर्ष आणि त्याच्या जागी कोण शिकतो आहे, एवढा तक्ता पुरतो.

प्रत्येक लहान देशाने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय काढावे, असे आम्हाला वाटत नाही. कॅरिबियन देशांनी १९४८ पासून वेस्ट इंडिज विद्यापीठ सामाईक चालवले, पॅसिफिकमधले विद्यार्थी सुव्याला फिजीत शिकतात. शेजाऱ्यांत वाटून घेतलेले शिक्षण परवडते. भूतानने एमबीबीएस २०२३ मध्ये सुरू केले, तोवर डॉक्टर बाहेरच घडत होते. पूर्व तिमोरने २००३ पासून क्यूबाच्या मदतीने शेकडो डॉक्टर घडवले. अशी मोठी तुकडी एकदम परतणार असेल तर पदे, घरे आणि इंटर्नशिपला हाताखाली घेणारे ज्येष्ठ डॉक्टर यांची तरतूद दोन अर्थसंकल्प आधी मांडावी लागते. योजना इथेच अडकतात: आरोग्य मंत्रालय माणसे घडवते आणि पदे मंजूर करणे वित्त विभागाच्या हातात असते.

कामाची वाटणी बदलणे हा अनेकदा सर्वांत लवकर फळणारा उपाय. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण दिले, मलावीत सिझेरियन मोठ्या प्रमाणात क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारी, करतात. मलावीने २००४ मध्ये अकरा संवर्गांना पगारावर ५२ टक्के भत्ता देऊ केला. तो बाहेरच्या मदतीवर होता, म्हणून असा भत्ता सुचवताना मदत संपल्यावरच्या वर्षाचा आकडाही त्याच पानावर लिहावा. दुर्गम भागात टिकण्याच्या बाबतीत आमचा सर्वाधिक भरवसा त्याच भागातले विद्यार्थी निवडण्यावर आहे. पेठसारख्या दुर्गम तालुक्यातली मुलगी तिथेच परत जाण्याची शक्यता शहरातल्या मुलीपेक्षा जास्त, आणि हे बेटांनाही लागू पडते. बाँडची, म्हणजे ठरावीक काळ सेवा देण्याच्या कराराची, सक्ती एकटी फार काळ धरून ठेवत नाही.

नाशिकमध्ये राहून तयारी कशी करावी? म्हसरूळला १९९८ पासूनचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि मुंबईला टीसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सार्वजनिक आरोग्य व रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पदवी कुठलीही घ्या, पण एक केंद्र पूर्ण मोजून पाहा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची लेखी परवानगी घ्या, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातले एक केंद्र निवडा, वर्षभराचे ओपीडी व प्रसूती रजिस्टर, हजेरीपट आणि रजेच्या नोंदी पाहा. रुग्णांची नावे उतरवू नका, फक्त संख्या. पावसाळ्याचे महिने वेगळे काढा. प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेल्यांना हजर धरू नका. कंत्राटी नर्सच्या रजा कायम कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळ्या, म्हणून तिचे तास स्वतंत्र काढा. साध्या एक्सेलमध्ये हे सगळे बसते. परदेशी संस्थेत अर्ज करताना हा तक्ता, त्यातली गृहीतके आणि प्रत्येक मापदंड कोणाशी बोलून ठरवला याची नोंद सोबत जोडा. मुलाखतीत प्रश्न बहुधा त्या शेवटच्या रकान्यावरच येतात.