सिगारेट सोडताना तलफ आणि निकोटीन गम

सिगारेट सोडण्यासाठी फारसा ताण नसलेला आठवडा निवडावा आणि आदल्या रात्रीच घरातील पाकिटे व लायटर काढून टाकावेत. चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक जाणवते व साधारणपणे तीन-चार आठवड्यांत ओसरते. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असल्याने तेवढा वेळ टपरीच्या विरुद्ध दिशेने चालत राहावे. चहासोबतची सिगारेट सर्वांत चिवट असते, म्हणून काही दिवस चहा घरीच घेणे बरे.

तलफ शमवण्यासाठी घेतला जाणारा निकोटीनचा गम (च्युइंग गम) साध्या गमसारखा सतत चघळणे ही नेहमीची चूक होय. झणझणीत चव येईपर्यंत तो सावकाश चावावा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चव ओसरल्यावर पुन्हा चावावा, आणि हा क्रम सुमारे अर्धा तास चालवावा. त्याआधी १५ मिनिटे कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये, कारण आम्लामुळे निकोटीन तोंडात नीट शोषले जात नाही. झोपेतून उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर ४ मिलिग्रॅमच्या, म्हणजे जास्त मात्रेच्या, गमविषयी डॉक्टरांना विचारावे. सिगारेटऐवजी तंबाखू मळू लागणे (हे पुष्कळांचे होते) म्हणजे सोडणे नव्हे. समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो.